वायफायचा सोपा आणि माजघर

सांगलीच्या गावभागात माझ्या आत्याचा जुना वाडा आहे. गेल्या गणपतीत गेले तेव्हा तिची एकच तक्रार होती, संध्याकाळी सात वाजले की नेट मरतं. नेटवाल्याला तीनदा फोन करून झाला होता. त्यानं येऊन डबी, म्हणजे राऊटर, बंद-चालू केली आणि मोठा प्लॅन घ्या म्हणून सांगून गेला. मी राऊटरचं पान उघडलं आणि त्याला कोण कोण जोडलंय त्याची यादी बघितली. घरात पाच माणसं, त्यांचे पाच फोन, एक टीव्ही, एक लॅपटॉप आणि अंगणात एक कॅमेरा. म्हणजे आठ. यादीत २३ नावं होती.

"अगं, पोरं येतात, मागतात, मी देते की," आत्या म्हणाली. "पाण्याला आणि पासवर्डला नाही कसं म्हणायचं?"

तिचं म्हणणं मला खोडायचं नाही. आल्यागेल्याला द्यावं ही वाड्याची रीतच आहे. पण त्याच वाड्यात आलेला माणूस सोप्यात बसतो, थेट माजघरात शिरत नाही. वायफायचंही तसं करता येतं, आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. डबीत काय चालतं एवढं कळलं की पुरे.

आधी एक गोंधळ मिटवू. वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कृष्णेचं पाणी आपल्या टाकीपर्यंत आणायचं काम महापालिकेचं, आणि टाकीतून स्वयंपाकघर, न्हाणीघर, अंगण इथल्या नळांपर्यंत नेणारी पाइप आपली. फायबर ही बाहेरून येणारी लाइन, वायफाय हे घरातले नळ. फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि तरी फोटो जात नाही, तेव्हा नळ ठीक असतात, पाणीच आलेलं नसतं. फायबरच्या केसाएवढ्या काचेच्या तारेतून डोळ्याला न दिसणारा उजेड येतो. डबी त्याचे विजेचे संदेश करते आणि मग रेडिओ लहरींवर घरभर वाटते. डबीवर एलओएस नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर तो उजेडच पोचत नाहीये. मग डबी दहा वेळा बंद-चालू केली तरी काही होणार नाही, लाइन तुटली आहे किंवा तार कुठेतरी दुमडली आहे. कपाट सरकवताना ती पिवळी किंवा काळी बारीक तार कपाटामागे चेपली गेल्याचं मी दोन घरांत बघितलंय.

आत्याकडे हा दिवा शांत होता. तिचा प्रश्न आतला होता.

वायफाय म्हणजे रेडिओच. मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, दुसऱ्याची सहा. छोटी लहर जास्त माल वाहते, पण भिंतीपुढे लवकर दमते. लांब लहर कमी माल वाहते, पण दूर जाते. फ्लॅटच्या चार इंची भिंतीला हा फरक फारसा जाणवत नाही. वाड्याच्या दोन फुटी भिंतीला मात्र चांगलाच जाणवतो. त्यात आत्याची डबी सोप्यात, लोखंडी कपाटाच्या मागे, आणि शेजारी पाण्यानं भरलेलं पितळी पिंप. लोखंड आणि पितळ लहरी परतवून लावतात, पाणी त्या पिऊन टाकतं. आतल्या खोलीत नेट पोचत नव्हतं यात नवल काहीच नव्हतं. डबी घराच्या मध्यावर, उंच, मोकळ्या जागी असावी. आम्ही ती माजघरातल्या फडताळाच्या वर ठेवली आणि नेटवाल्याकडून तेवढी तार वाढवून घेतली. आपल्या अख्ख्या कामातली सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट हीच निघाली, आणि तिला खर्च जवळपास नव्हता.

२.४ च्या पट्ट्यात आणखी एक अडचण असते, गर्दीची. मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यात चालतो, ब्लूटूथही. शेजारच्या पाच घरांच्या डब्याही तिथेच बोलत असतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. शेजारी सगळे ६ वर असतील तर आपण १ किंवा ११ घ्यावं.

आता कुलपांकडे येते, कारण मला खरी काळजी तिथली आहे.

लहरी भिंत ओलांडून बोळात जातात. बोळात उभ्या असलेल्या माणसाचा फोन त्या ऐकू शकतो, त्यासाठी त्याला आपल्या वायफायला जोडावंही लागत नाही. म्हणून डबी आणि फोन यांच्यातलं बोलणं सांकेतिक केलेलं असतं. पासवर्ड त्या सांकेतिक भाषेचा पाया. १९९७ साली वायफायच्या पहिल्या मानकासोबत जे कुलूप आलं त्याचं नाव डब्ल्यूईपी. २००१ पर्यंत संशोधकांनी ते इतकं उघडं पाडलं की पुढे ते काही मिनिटांत फोडता येऊ लागलं. घाईघाईनं २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए२. हे दुसरं आजही बहुतेक घरांत आहे. २०१७ मध्ये त्यातही एक खोट सापडली, ती फोन आणि राऊटरच्या अपडेटमधून बुजवली गेली. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आलं. तुमच्या डबीत ते असेल तर तेच घ्या. घरात जुना फोन असेल तर दोन्ही एकत्र चालवायचा पर्याय बहुतेक डब्यांत असतो. डब्ल्यूईपी किंवा नुसतं डब्ल्यूपीए दिसलं तर ते आजच बदला.

डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड कधीच हवेतून पाठवला जात नाही. फोन आणि डबी चार संदेशांत एकमेकांना पटवून देतात की पासवर्ड आपल्या दोघांनाही ठाऊक आहे, आणि तो उच्चारत नाहीत. फार सुंदर योजना आहे ही. पण ते चार संदेश बोळातल्या माणसानं टिपून ठेवले तर तो घरी जाऊन निवांत अंदाज मारू शकतो: हा पासवर्ड असता तर संदेश असे दिसले असते का? हा असता तर? तुमच्या डबीला याचा पत्ताही लागत नाही. त्याच्या आणि तुमच्या घराच्या मध्ये उभा असतो तो फक्त पासवर्डचा अंदाज लागण्याचा अवघडपणा.

आणि आपल्याकडे पासवर्ड काय असतो? मोबाइल नंबर. नेट जोडायला येणारा पोरगा विचारतो, "पासवर्ड काय ठेवू? नंबरच ठेवतो," आणि आपण मान डोलावतो. आता हिशेब करू. आपले नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ यांपैकी एका आकड्यानं सुरू होतात. म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड वाटतं. पण गेम खेळायच्या कॉम्प्युटरमधलं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या घरात अंदाज मारू शकतं. भागाकार केला की ४,००० सेकंद येतात. तासाभराचं काम. आणि तुमचा नंबर दुकानाच्या पाटीवर किंवा लग्नपत्रिकेवर छापलेला असेल तर तेवढाही वेळ लागत नाही, पहिल्याच अंदाजात कुलूप उघडतं. २०२१ मध्ये इस्रायलच्या तेल अवीव शहरात एका संशोधकानं असे ५,००० वायफायचे संदेश टिपले आणि त्यातले ७० टक्क्यांहून जास्त पासवर्ड शोधून दाखवले. तिथेही लोकांची आवडती सवय हीच होती, मोबाइल नंबर.

त्याच कार्डाला आठ छोटी रोमन अक्षरं, कशीही पडलेली, शोधायला जास्तीत जास्त अडीच दिवस लागतील. अक्षरं बारा केली की तेच काम ३,००० वर्षांवर जातं. चिन्हांची कसरत करण्यापेक्षा लांबी वाढवणं कितीतरी फायद्याचं, ते यामुळे. वायफायचा पासवर्ड ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत चालतो, तर जागा भरपूर आहे. माझी पद्धत अशी: एकमेकांशी नातं नसलेले चार-पाच मराठी शब्द, रोमन अक्षरांत, एकापुढे एक. उखळ, इंजिन, पिंपळ, खोडरबर, असे. हेच घेऊ नका, आपले शोधा. म्हणी, ओव्या, आरतीच्या ओळी, मुलांची नावं आणि पुढे १२३, हे टाळा, कारण अंदाज मारणारा यादी घेऊनच बसलेला असतो. आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवायला घाबरू नका. बोळातल्या माणसाला तुमची वही दिसत नाही.

"पण आमच्या घरात चोरण्यासारखं आहे काय?" हा प्रश्न मला नेहमी येतो. त्याचं उत्तर आपल्याच राज्यात घडलेलं आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी माध्यमांना धमकीचा ईमेल गेला. पोलिसांनी माग काढला तो नवी मुंबईतल्या एका घरापर्यंत पोचला. घरातल्या माणसाची चौकशी झाली, कॉम्प्युटर तपासले गेले. ईमेल त्याचा नव्हता. त्याचं वायफाय कुलपाविना होतं आणि ते दुसऱ्या कुणीतरी वापरलं होतं. पुढच्या वर्षी दूरसंचार विभागानं वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. इंटरनेटवर आपलं घर एका पत्त्यानं ओळखलं जातं, आणि त्या पत्त्यावरून कुणी काहीही केलं तरी पहिली थाप आपल्याच दारावर पडते.

तरी घाबरवायचं म्हणून मला घाबरवायचं नाही. वायफायमध्ये कुणी शिरला म्हणजे तुमचं बँक खातं त्याच्या हातात गेलं, असं होत नाही. बँकेचं ॲप आणि जवळजवळ सगळ्या वेबसाइट स्वतःचं वेगळं कुलूप लावून बोलतात, ते वायफायच्या कुलपावर अवलंबून नसतं. शिरलेला माणूस काय करू शकतो? तुमचा वेग खाऊ शकतो, तुमच्या पत्त्यावरून उद्योग करू शकतो, कॅमेरा, प्रिंटर, टीव्ही यांचे दरवाजे ठोठावून बघू शकतो. आणि राऊटरचं स्वतःचं पान उघडायचा प्रयत्न करू शकतो.

हे पान म्हणजे दुसरं कुलूप, आणि ते बहुतेकांना माहीतच नसतं. फोन वायफायला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकला की राऊटरचं पान उघडतं. तुमच्या डबीचा नेमका पत्ता तिच्या तळाच्या चिठ्ठीवर असतो. तिथे नाव आणि पासवर्ड विचारतात. वायफायचा पासवर्ड हा तो नव्हे. हा राऊटरच्या मालकाचा. पहिल्या किल्लीनं माणूस घरात येतो, दुसरी ज्याच्याकडे आहे तो कुलुपंच बदलू शकतो. आत्याच्या डबीवर नाव ॲडमिन होतं आणि पासवर्डही ॲडमिन. कारखान्यातून आलेला, कुणी कधी न बदललेला. त्या २३ जणांपैकी कुणालाही तो टाकून बघता आला असता.

या एका आळसाची किंमत जगानं मोजली आहे. २०१६ मध्ये मिराई नावाचा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सुटला. त्याच्याकडे होती फक्त कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांची एक यादी, साठच्या आसपास जोड्यांची. ती घेऊन तो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राऊटर यांची दारं वाजवत फिरला आणि लाखो उपकरणं ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशा उपकरणांनी साइटचे पत्ते सांगणाऱ्या एका अमेरिकी कंपनीवर एकदम हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडखळल्या. ज्यांच्या घरचे कॅमेरे या हल्ल्यात वापरले गेले त्यांना ते कधी कळलंही नसेल. ब्रिटननं २०२४ पासून असे सोपे, सरसकट एकच असलेले पासवर्ड घालून उपकरणं विकायलाच कायद्यानं बंदी केली.

राऊटर ताब्यात गेल्यावरचा त्याहून सूक्ष्म धोका पत्त्यांचा आहे. आपण वेबसाइटचं नाव टाकतो, पण इंटरनेट आकड्यांवर चालतं. नावावरून आकडा सांगणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात, आणि कोणत्या डीएनएसला विचारायचं हे घरातल्या सगळ्या फोनना राऊटर सांगतो. तो पत्ता कुणी बदलला तर तुम्ही नाव बरोबर टाकूनही भलत्याच दारात उभे राहता. डीएनएसचेंजर नावाचा प्रोग्रॅम पसरवणाऱ्या टोळीनं हेच केलं होतं. २०११ मध्ये ती पकडली गेली तोवर ४० लाखांच्या घरात कॉम्प्युटर तिच्या जाळ्यात होते. अशा वेळी ब्राउझर "ही साइट सुरक्षित नाही" असा इशारा देतो, कारण खोट्या साइटकडे खरं प्रमाणपत्र नसतं. बँकेच्या साइटवर तो इशारा आला तर "तरीही पुढे जा" कधीही दाबू नका. आणि फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत ते अडवता येतात का, हे मिनिटांवर ठरतं.

राऊटरच्या पानात शिरलातच तर आणखी चार जागा बघून घ्या. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिन वापरून जोडायची सोय, बंद करा. आठ आकड्यांची ती पिन डबी दोन तुकड्यांत तपासते आणि शेवटचा आकडा तर बाकीच्यांवरून काढता येतो, त्यामुळे दहा कोटी शक्यतांच्या जागी जेमतेम ११,००० उरतात. हे २०११ मध्येच उघडकीला आलंय. बाहेरून राऊटर चालवायची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद ठेवा. कंपनीनं दिलेल्या डबीत ती त्यांच्यासाठी राखलेली असेल तर तसं विचारून घ्या. अपडेटचं बटण दिसलं तर दाबा. मे २०१८ मध्ये पाच लाख राऊटरमध्ये शिरलेला एक प्रोग्रॅम सापडला, तोही बहुतेक जुन्या, अपडेट न केलेल्या डब्यांत. वायफायचं नाव लपवून मात्र काही साधत नाही, ऐकणाऱ्याला ते ऐकू येतंच.

एक कळकळीची सूचना. डबीच्या मागे बारीक भोकात रिसेटचं बटण असतं. पासवर्ड विसरला म्हणून त्यात सेफ्टी पिन खुपसू नका. फायबरच्या डबीत नेटवाल्यानं भरलेली नावं आणि आकडे असतात, तेही त्याच्याबरोबर पुसले जातात आणि तो येईपर्यंत घर नेटविना राहतं. आधी त्याला फोन करा.

आता सोपा आणि माजघर. जवळजवळ प्रत्येक नव्या डबीत गेस्ट नेटवर्क म्हणून एक सोय असते. त्याच डबीतून दुसऱ्या नावाचं वायफाय निघतं. त्यावर आलेल्याला इंटरनेट मिळतं, पण घरातले लॅपटॉप, प्रिंटर, राऊटरचं पान दिसत नाही. ही सोय आहे म्हणून आत्याला कुणालाही नाही म्हणावं लागत नाही. घरचा पासवर्ड एकाला दिला की तो एकाकडे राहत नाही, हे लक्षात घ्या. आजच्या फोनवर वायफायचा क्यूआर कोड निघतो आणि एका पोराकडून दुसऱ्याकडे तो दोन सेकंदांत जातो. आत्याचे २३ तसेच झाले होते. त्यांतला एकही चोर नव्हता.

कॅमेऱ्यासाठी मी तिसरं नाव काढलं. स्वस्तातले कॅमेरे, वायफायचे बल्ब, प्लग यांना अपडेट क्वचितच येतात, त्यांना घरच्या लॅपटॉपशेजारी बसवू नये. नुसतं वेगळं नाव देऊन मात्र चालत नाही. आयसोलेशनचा, म्हणजे उपकरणं एकमेकांपासून तोडून ठेवण्याचा, किंवा गेस्टचा पर्याय चालू आहे ना हे बघावं लागतं, नाहीतर नावं तीन आणि खोली एकच. आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा कारखान्यातला पासवर्ड बदलायचा राहू देऊ नये.

नावं आत्यानंच ठेवली. घरच्यांचं माजघर, पाहुण्यांचं सोपा, कॅमेऱ्याचं परस. रोमन अक्षरांत मी टाकली, तिनं चष्मा लावून तपासली. जुना पासवर्ड बदलल्याबरोबर यादी एकदम रिकामी झाली आणि मग एकेक फोन परत आला, आधी तिचा, मग टीव्ही, मग सुनेचा लॅपटॉप. त्या संध्याकाळी सात वाजता तिनं पुण्यातल्या नातवाला व्हिडिओ कॉल लावला आणि त्याचा चेहरा मध्येच गोठला नाही.

दिवाळीत पुन्हा गेले. सोप्यातल्या कालनिर्णयावर, महिन्याच्या कोपऱ्यात, सोप्याचा पासवर्ड पेन्सिलीनं लिहिलेला होता. पेन्सिलीनं का, तर विसर्जन झालं की ती तो बदलते. माजघराचा कुठे दिसेना. विचारल्यावर तिनं देवघराच्या खणातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली, पान उघडलं, मला दाखवलं आणि परत आत ठेवली.